‘बोलेल सावकाश’ म्हणणाऱ्यांना

पोर बोलत नाही म्हटलं की अकलूजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता! हे उत्तर अगदीच खोटं नाही. उशिरा बोलायला लागून पुढं घडाघडा बोलणारी मुलं असतातच. पण ती मुलं शब्द फुटण्याआधी काय काय सांगत असतात, तिकडं कुणाचं लक्ष नसतं.

तुकोबांची पालखी अकलूजला आली की गोल रिंगण होतं. बापाच्या खांद्यावरचं दीड वर्षाचं लेकरू धावत्या अश्वाकडं बोट दाखवतं आणि लगेच वळून आईकडं बघतं: तू पाहिलास का? शब्द एकही नाही, तरी बोलणं पुरं झालं. हे होत नसेल, तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका घ्यायची. बोट उठत नाही, नजर वळत नाही, वर्ष उलटलं तरी नावाच्या हाकेला मान फिरत नाही, टाटा करत नाही, काही हवं असलं की आईचाच हात धरून डब्यापाशी नेतं. आणि आलेले चार शब्द गेले, तर एक दिवसही थांबू नये. एखाद्या लक्षणानं निदान होत नाही, हे खरं. आधी कान तपासून घ्यावेत.

‘जिभेची दोरी कापा’ हा सल्ला मला फार खटकतो. दोरी जिभेला असते, नजरेला नसते.

‘एवढ्याशा जिवाला शिक्का कशाला?’ या प्रश्नामागची भीती मला कळते. पण मुलासमोर बसून, त्याच्या खेळात शिरून संवाद शिकवायला निदानाच्या कागदाची गरज नसते. शंका आली त्याच आठवड्यात ते सुरू करता येतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर अठराव्या आणि चोविसाव्या महिन्याला सरसकट सगळ्याच मुलांची चाचणी करायला सांगतात.

राहिला आईवरचा ठपका. आईच्या थंडपणामुळं मूल असं होतं, हे एके काळी मोठमोठे विद्वान सांगत. बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये ते खोडून काढलं. आज तोच ठपका मोबाईलच्या नावानं पुन्हा तिच्याच माथी येतो. मोबाईल बाजूला ठेवावाच, पण स्वमग्नता मुळात मेंदूच्या जडणघडणीतली आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरातून सुरू झाला. त्याचं पथक मुलं तपासायला वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण तीन वर्षांखालची लेकरं तेव्हा बहुधा घरीच असतात. ताईंना तारीख विचारून त्या दिवशी लेकराला न्यावं. डॉक्टरांना नुसतं ‘बोलत नाही’ न सांगता ‘बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही’ असं सांगावं.