धार कोठून येते?



नित्य वापरातील वस्तूंमागचे विज्ञान समजून घेण्याच्या या सदरात आज खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूचा विचार करू. निमित्त माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीचे आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले. जाताना त्यांनी आपल्या वडिलांचा, शेफिल्ड शहरात तयार झालेला जुना चाकू मला दिला. चाकू भेट दिल्यास मैत्री तुटते असा ब्रिटनमध्ये समज आहे. म्हणून त्यांनी माझ्याकडून एक पेनी ‘किंमत’ म्हणून घेतली. अंधश्रद्धेला सीमा नसतात, असे म्हणून आम्ही दोघेही हसलो. शिंगाची मूठ, आत पितळी पत्रे आणि साध्या कार्बन पोलादाचे पाते. कागद हवेत धरून पाते नुसते टेकवले, तरी तो आवाज न करता दुभंगत असे.

वर्षभरात ती धार बोथटली. मी विजेवर चालणारे धार लावण्याचे यंत्र मागवले आणि पाते त्यावर दाबून धरले. ठिणग्या उडाल्या, टोकाकडचा भाग निळा पडला. त्या दिवशी चाकू उत्तम कापू लागला, पण चारच दिवसांत पूर्वीहून बोथट झाला. पुढे कितीही घासले तरी त्या निळ्या भागावर धार टिकेना. ती निळाई म्हणजे काय, याचा शोध घेताना धारेचे शास्त्र उलगडत गेले.

धार म्हणजे पात्याचे दोन उतार जेथे मिळतात ती रेषा. ही रेषा जितकी अरुंद, तितका हाताचा जोर कमी जागेवर एकवटतो आणि पदार्थावरचा दाब वाढतो. आपला केस साधारणतः 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. उत्तम चाकूच्या धारेची रुंदी एका मायक्रॉनहूनही कमी असू शकते. मात्र रेषा अरुंद असून भागत नाही. तिच्या मागचे पाते जाड असेल, तर ते सफरचंदात पाचरीसारखे अडकते आणि फळ कापण्याऐवजी फोडते. म्हणून चांगल्या चाकूचे पाते पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळते होत जाते आणि अगदी कडेला दोन्ही उतारांमधील एकूण कोन 30 ते 40 अंशांच्या आसपास ठेवतात. कोन याहून फार कमी केला तर धार तीक्ष्ण होते, पण लवकर दुमडते किंवा तिचे कण निखळतात.

इतकी पातळ कड शाबूत राहावी, हे काम पोलादाचे. चाकूच्या साध्या पोलादात कार्बनचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. ते सुमारे 800 अंश सेल्सियसपर्यंत लाल तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडवतात; यालाच आपल्याकडे ‘पाणी देणे’ म्हणतात. अचानक थंड झाल्यामुळे कार्बनचे अणू लोखंडाच्या रचनेत कोंडले जातात आणि पोलाद अत्यंत कठीण होते. परंतु काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा सुमारे 200 अंशांपर्यंत सावकाश तापवतात. त्यामुळे थोडा कठीणपणा जातो आणि त्या मोबदल्यात चिवटपणा येतो. उत्तम धार ही सर्वाधिक कठीण पोलादाची नसते. कठीणपणाचा नेमका किती त्याग करायचा, हे ज्याला कळले त्याची ती असते.

या दुसऱ्या तापवण्यात घासलेल्या पोलादावर रंग उमटतात. प्रथम गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि 300 अंशांच्या जवळ निळा. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी निळा रंग योग्य. चाकूच्या पात्यासाठी मात्र पिवळ्यापाशीच थांबायचे असते. माझ्या यंत्राने ती मर्यादा काही क्षणांत ओलांडली. धारेजवळचे पोलाद इतके पातळ असते की घर्षणाची उष्णता सामावून घ्यायला तेथे पुरेसा धातूच नसतो. कारागिराने काळजीपूर्वक दिलेले पाणी माझ्या उतावळेपणाने उतरवले होते.

अखेरचा संस्कार घासण्याचा. दगडावर घासताना धारेच्या दुसऱ्या बाजूला पोलादाची अतिसूक्ष्म, लवचिक कड वळून उभी राहते. यंत्रशाळेत तिला ‘बर’ म्हणतात. ती तशीच राहिली तर चाकू तासभर तीक्ष्ण भासतो आणि मग एकाएकी कापेनासा होतो. क्रमाने अधिक बारीक दगड वापरून, दाब हलका करत जाऊन आणि शेवटी न्हावी वस्तरा फिरवतो त्याप्रमाणे चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने ओढून ती काढावी लागते.

घडीच्या चाकूत आणखी एक गोष्ट येते. पाते मिटताना त्याची धार मुठीतील स्प्रिंगवर आदळली, तर ती रोज थोडी थोडी मरते. म्हणून कुशल कारागीर पात्याच्या बुडाशी, धार जेथे संपते तेथे, एक लहानसा उंचवटा ठेवतो. मिटल्यावर तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. चाकूची परीक्षा म्हणूनच उघडून आणि मिटवूनही करावी.

शेफिल्डला ही विद्या शतकानुशतके अवगत आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसरच्या काव्यात शेफिल्डच्या चाकूचा उल्लेख येतो. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने येथेच मुशीत पोलाद वितळवून ते एकजिनसी करण्याची पद्धत रुजवली आणि 1913 मध्ये हॅरी ब्रियरली यांनी येथेच गंज न धरणारे क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले. ही नावे इतिहासात राहिली. परंतु पाते घडवणारा, ते चाकावर घासणारा आणि मूठ बसवणारा हे तेथे वेगवेगळे कामगार असत, आणि घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची व पोलादाची धूळ जाई. एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांनी या दम्याची नोंद करून ठेवली आहे. पाण्याविना, कोरड्या चाकावर काम करणाऱ्या अनेकांना चाळिशीही पाहता येत नसे. आपल्याकडे हत्यारांना धार देणाऱ्या शिकलगारांच्या हातातील ज्ञानालाही ‘विद्या’ हा मान क्वचितच मिळाला. धारेची स्तुती करताना ही फुप्फुसे आणि हे हात विसरणे मला तरी शक्य नाही.

आता व्यवहाराचे. बोथट चाकू अधिक धोकादायक असतो, कारण त्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हात निसटतो. कार्बन पोलादाचे पाते लिंबू कापल्यावर लगेच पुसून कोरडे करावे. काच, चिनी मातीची बशी किंवा दगडी ओटा यांवर कधीही कापू नये. लाकडी फळी वापरावी. ब्रिटनमधील वाचकांनी, विशेषतः नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी, कायदाही लक्षात ठेवावा. तीन इंच, म्हणजे सुमारे 7.6 सेंटिमीटरपर्यंत धार असलेला आणि उघडल्यावर कुलूपबंद न होणारा घडीचा चाकू सामान्यतः जवळ बाळगता येतो. पाते उघड्या स्थितीत अडकून राहत असेल, तर सबळ कारणाशिवाय तो सार्वजनिक जागी नेणे गुन्हा ठरू शकते.

माझा चाकू आज पुन्हा कापतो. सहा रविवार ओल्या दगडावर, हाताने, निळा भाग पूर्ण झिजवून मी खालचे निरोगी पोलाद गाठले. पाते आता टोकाकडे पूर्वीहून दोन मिलिमीटर अरुंद आहे. सहकाऱ्यांना मी ते दाखवले आणि चूक कबूल केली. त्यांनी अंगठ्याने धार आडवी चाचपली, चाकू मिटला आणि म्हणाले, “बाबांनीही एकदा असेच केले होते.”