फॉर्मॅट मारण्याआधी विचारा



केदारखेड्यासारख्या गावात कॉम्प्युटर अडला की भोकरदन नाहीतर जालना गाठावे लागते. तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘फॉर्मॅट मारावा लागेल.’ आत काय साठवले आहे, ते दुसरीकडे ठेवले आहे का, हे फारसे कुणी विचारत नाही. माझा आक्षेप या न विचारण्याला आहे.

ओळखीतल्या एका महिला बचत गटाचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तर वापरण्याआधी फॉर्मॅट करा, अशी इंग्रजी सूचना आली. हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी तो तसाच दुकानात नेला. तिथे न विचारता फॉर्मॅट मारला, चालतो की नाही हे बघायला त्यात गाणी भरली आणि पेन ड्राइव्ह परत दिला. कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब गेला. आता पासबुके आणि जुन्या वह्या काढून एकेक नोंद पुन्हा टाइप करणे चालू आहे.

हे टळण्यासारखे होते. फाइल डिलीट केली, अगदी रिसायकल बिनमधूनही काढली, तरी हार्ड डिस्कवरचा किंवा पेन ड्राइव्हमधला मजकूर लगेच पुसला जात नाही. ती जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की मात्र फाइल कायमची जाते. म्हणजे त्या पेन ड्राइव्हचा घात नुसत्या फॉर्मॅटपेक्षा नंतर भरलेल्या गाण्यांनी केला. फाइल गेल्याचे कळताच वापर थांबवावा आणि फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवून सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवाव्यात. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत डिलीट झालेला मजकूर बहुधा लवकरच साफ होतो, तिथे दुसरीकडे ठेवलेली प्रत हाच आधार.

मदत जवळ नसली की लोक इंटरनेटवर हेल्पलाइनचा नंबर शोधतात, आणि तो भामट्याचा निघाला तर सांगेल ते ॲप टाकून स्क्रीनचा ताबाच त्याला देऊन बसतात. अशा ॲपमधून बँक खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच दिला होता. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी, हेही खेड्यापाड्यांत पुरेसे पोहोचलेले नाही.

ही मदत गावातच मिळू शकते. ग्रामपंचायतींत ‘आपले सरकार’ सेवा केंद्रे आहेत, तिथे कॉम्प्युटर आहे, परिचालक आहे. जिल्हा परिषदेने परिचालकांना गेलेल्या फाइली परत काढण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस गावकऱ्यांच्या अडचणींसाठी ठेवावा. मानधनासाठी परिचालकांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. तेव्हा हे काम फुकटात त्यांच्या गळ्यात मारू नये, त्याचा वेगळा मोबदला द्यावा. एमएस-सीआयटीच्या वर्गांतही पुसलेली फाइल परत काढण्याचा सराव प्रत्येकाकडून हाताने करून घ्यावा. त्यासाठी एक जुना पेन ड्राइव्ह पुरतो.

दुकानदार बंधूंनाही विनंती आहे. फॉर्मॅट मारण्याआधी ग्राहकाला विचारा आणि त्याचा होकार पावतीवर लिहून घ्या.

– एक वाचक, केदारखेडा (ता. भोकरदन, जि. जालना)