‘बेपत्ता’ म्हणजे फाइल बंद नव्हे



आमच्या आलापल्ली-भामरागड पट्ट्यात हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली की लोक दोनच तर्क करतात : निवडणुकीची पथके चालली, नाहीतर कुणी जवान जखमी झाला. ते हेलिकॉप्टर परतलेच नाही तर? 3 ऑगस्ट 2008 रोजी हैदराबादहून छत्तीसगडकडे निघालेले एक हेलिकॉप्टर चौघांसह जंगलात गडप झाले. अवशेष हाती लागले ते नोव्हेंबरात. पुढच्याच वर्षी, 2 सप्टेंबरला, आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या रानात हरवले. सुखोई विमाने उडाली, हजारो माणसे कामाला लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठिकाण सापडले. पावसाळा तोच, रानही दाट. फरक शोधणाऱ्यांच्या निकडीत होता.

युद्धात हरवलेल्यांच्या बाबतीत ही निकड कुठे आहे? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान 5 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानात पडले. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, पुढे अनेक दशके सरकारदरबारी चकरा मारत राहिल्या. सरकारनेच संसदेत सांगितलेला आकडा 83 बेपत्ता सैनिकांचा आहे. त्यांत 1965 व 1971 चे 54 युद्धकैदी येतात. पाकिस्तान एकही नाव कबूल करत नाही. 1983 आणि 2007 मध्ये नातेवाईक तिथले तुरुंग पाहून रिकाम्या हाती परतले.

‘इतक्या वर्षांनी काय सापडणार?’ असे म्हणणाऱ्यांनी रोहतांगकडे पाहावे. फेब्रुवारी 1968 मध्ये 102 जणांना घेऊन लेहकडे गेलेल्या एएन-12 विमानातले चार मृतदेह सप्टेंबर 2024 मध्ये, 56 वर्षांनी, बर्फातून काढले गेले. 2016 मध्ये 29 जणांसह बंगालच्या उपसागरात बुडालेल्या एएन-32 चे अवशेष जानेवारी 2024 मध्ये 3,400 मीटर खोलीवर ओळखले गेले. अमेरिका तर व्हिएतनाममध्ये पडलेल्या विमान-हेलिकॉप्टरांच्या जागा आजही खणते, माती चाळते. त्यासाठी अमेरिकेत स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे.

सात वर्षे ठावठिकाणा नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो. वारसाहक्काचे व्यवहार अडू नयेत म्हणून ती सोय ठीक; पण ती शोध थांबवण्याची परवानगी नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. संरक्षण मंत्रालयाने बेपत्तांसाठी कायमचा शोधविभाग नेमावा, दरवर्षी प्रत्येक कुटुंबाला लेखी कळवावे की यंदा काय केले, आणि काहीच केले नसेल तर तसेही लिहावे. सर्वांत तातडीचे म्हणजे रक्ताच्या नातेवाइकांचे डीएनए नमुने आताच घेऊन ठेवावेत. 1971 च्या जवानांचे भाऊ-बहीण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. उद्या एखादे हाड सापडले, तर ते कुणाचे हे सांगायला त्या पिढीतले कुणी उरलेले नसेल.

– एक निवृत्त वनरक्षक, आलापल्ली (जि. गडचिरोली)