शीड, वाकळ आणि ताडपत्री

किनाऱ्यावरील वाचकांस शिडाचे मोल सांगावयास नको. सुती शीड विरले की त्यास ठिगळ लागे. ठिगळही पेलवेनासे झाले की तेच कापड माल झाकावयास व अंथरावयास उपयोगी पडे. मुंबईच्या डोंगरीवरून ज्या जाड्याभरड्या कापडास ‘डंगरी’ हे नाव पडले, त्याचीच लहान होड्यांची शिडे होत आणि तेच कामकऱ्यांच्या अंगावरही चढे. पुरते झिजल्यावर ते मातीत मिसळून जाई.

बिदर व कलबुर्गीच्या सीमाभागात समुद्र नाही, पण हा रिवाज आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली व हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. भालकी, औराद, आळंद येथील मराठी घरातली वाकळ आणि शेजारच्या कानडी घरातली कौदी यांत मात्र सीमारेषा ओढता आलेली नाही. जुनी लुगडी-धोतरे थरावर थर रचून दोन्ही घरच्या बाया ती शिवतात. या श्रमाची फारशी दखल घेतली जात नाही, ही गोष्ट वेगळी.

आता या दोन्ही प्रदेशांवर एकच संकट आले आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण खळ्यावरच्या त्या तुरीवर अवकाळी पावसात जे पांघरूण घालतात, ते प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचे. उन्हाने ती ठिसूळ होते, तिचे तुकडे पडतात आणि ते शेतातच राहतात. आमच्या किनाऱ्यावर नायलॉनच्या जाळ्यांची गत निराळी नाही. या वस्तूंची ना वाकळ होते, ना माती.

प्लॅस्टिक वापरू नका, असा उपदेश शेतकऱ्यास करणे सोपे आहे. परंतु जाड सुती ताडपत्री महाग व वजनदार असते. पावसाचे ढग पाहून धावणाऱ्या माणसाने ती कोठून आणावी? दोष त्याचा नव्हे. केंद्र सरकारने २०२२ साली उत्पादकांवर कचरा परत घेण्याची जी जबाबदारी टाकली, ती प्लॅस्टिकच्या वेष्टनांपुरती आहे. ताडपत्री व जाळे हे वेष्टन नसल्याने त्यांतून सुटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे प्लॅस्टिकविषयक जागतिक कराराची बोलणीही निष्फळ ठरली. तेव्हा जगाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

ताडपत्री व जाळी यांना त्याच नियमाखाली आणावे, जुना माल देणाऱ्यास नव्या खरेदीत सूट मिळावी आणि तो गोळा करण्याची सोय भालकीच्या बाजारपेठेत तशीच आमच्या बंदरांतही व्हावी, अशी आमची मागणी आहे. जो विकून नफा घेतो, त्याने फाटक्याचा भारही उचलावा. आजवर तो भार एकट्या जमिनीने आणि समुद्राने वाहिला आहे.