वृद्धाश्रमाला परवाना विचारू या

इंदूरमधील आपल्या जुन्या मराठी घरांचे चित्र आता सर्वांच्या परिचयाचे आहे. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर येथे घरात दोन म्हातारी माणसे, आणि मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या पूर्वजांनीही पोटासाठीच नर्मदा ओलांडली होती.

अडचण येते ती आजारपणात. गेल्या पावसाळ्यात रामबागेतील आमच्या परिचयाच्या एका काकू घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पुढचे तीन महिने सांभाळणार कोण? मुलगा रजा काढून आला. त्याच्याबरोबर आम्हीही चार ठिकाणी हिंडलो. सर्वत्र एकच उत्तर, "आमच्याकडे सगळी सोय आहे." परवाना दाखवा म्हटल्यावर एके ठिकाणी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवण्यात आले. ते प्रमाणपत्र संस्थेच्या नोंदणीचे होते!

हा फरक समाजबांधवांनी नीट लक्षात घ्यावा. मध्य प्रदेशात संस्थेची नोंदणी सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली होते. त्यातून संस्थेला नाव, नियमावली आणि कार्यकारिणी मिळते. रात्री नर्स असते की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. उपचार व शुश्रूषा करणाऱ्या नर्सिंग होमसाठी निराळा कायदा आहे. तोही १९७३ चाच, आणि त्यात परवाना घ्यावा लागतो. तेव्हा जो आश्रम "नर्सिंगची सोय" म्हणून पैसे घेतो, त्याला हा दुसरा कागद विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य शासनाने उभारण्याची तरतूद आहे. खाजगी वृद्धाश्रमांच्या नोंदणीविषयी मात्र हा कायदा गप्प आहे. ही उणीव भरून काढणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. खाजगी आश्रम आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी व किमान दर्जा त्यात सुचवला होता. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच विधेयकही बुडाले. त्याबद्दल आरडाओरडा झाला नाही, कारण म्हाताऱ्यांचा मोर्चा निघत नाही.

दुसरा मुद्दा जवळ असण्याचा. काकूंसाठी शेवटी जी जागा मिळाली ती बायपासच्या पलीकडे. खोली स्वच्छ होती, पण भजनी मंडळाच्या मैत्रिणींना तेथे जाणे जमेना. मुलाचा फोन आठवड्यातून दोनदा, भेटायला कोणी नाही. पाठीला जखम झाल्याचे उशिरा समजले. हाच आश्रम दोन गल्ल्या सोडून असता, तर कोणीतरी रोज डोकावले असते. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा येईल, शेजारीण रोज येते. म्हणून परवाना आणि जवळीक या दोन्हींचा आग्रह आपण धरला पाहिजे.

यासाठी काय करावे? पहिले, मंडळाने प्रत्येक वस्तीतील दोन कार्यकर्ते नेमून जवळच्या आश्रमांची यादी करावी. कोणता कागद पाहिला, रात्री कोण असते, डॉक्टर कधी येतात, महिन्याचा खर्च किती, हे त्यात लिहावे. दुसरे, ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मोफत फोन क्रमांक प्रत्येक घरी मोठ्या अक्षरांत लावावा. तिसरे आणि महत्त्वाचे, २०२२ साली निवडून आलेल्या पार्षदांची मुदत २०२७ मध्ये संपते. मते मागायला जो दारी येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विचारावे : आमच्या वॉर्डात वृद्धांच्या देखभालीसाठी जागा देणार का? आश्रमांची तपासणी व्हावी म्हणून भोपाळला पाठपुरावा करणार का?

२०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिले आलेले हे शहर मनावर घेतले तर काय करू शकते, हे आपण पाहिले आहे. दारोदारी कचऱ्याची गाडी येऊ शकते, तर दारातल्या म्हाताऱ्या माणसाची विचारपूसही होऊ शकते. ती मागण्याचे काम आपले आहे. आज काकूंसाठी मागू, उद्या ती आपल्यालाच लागणार आहे.