हाडाचा पत्ता

दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे आमचे एक गुरुजी निवृत्तीनंतर दगड जमवतात. त्यांच्या ओसरीवर बायको धान्याच्या पोत्यांना जागा मागते आणि गुरुजी आपल्या खोक्यांना. त्यांची पेन्शन माझ्या शाखेत यायची, त्यामुळे बँक सुटून इतकी वर्षे झाली तरी त्यांच्या तोंडी मी 'साहेब'च. गेल्या मे महिन्यात ते भर उन्हात दारात उभे. पिशवीत टॉवेल आणि टॉवेलात हाड.

"साहेब, डायनासोरचं असेल का हो?"

हाड वीतभर लांब, काळपट तपकिरी, हातात घेताच दगडासारखे जड. दोन्ही टोके घासून गोटा झालेली. लेकीच्या सासरी गेले असताना नाथसागराच्या मागे हटलेल्या पाण्याकाठी त्यांना ते मिळाले होते.

डायनासोर नाही, एवढे मलाही सांगता आले. आमचा देवगिरी लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तापलेल्या लाव्हात हाड कसले टिकते? गुरुजींच्या खोक्यातले तीन 'दात' गारगोट्याच निघाले होते. महाराष्ट्रात डायनासोरची हाडे मिळतात ती चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला, लाव्हाखालच्या जुन्या गाळाच्या थरांत. गोदाकाठची हाडे त्या मानाने कालपरवाची. पण कमी नवलाची नाहीत. नांदूर मधमेश्वरजवळ मिळालेल्या आज नामशेष झालेल्या हत्तीच्या कवटीवर गाय पिलग्रिम यांनी 1905 साली निबंध लिहिला. पाणघोडेही या नदीत डुंबत होते!

शहरात भूशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी भिंगातून तुटकी बाजू पाहिली. आत चाळणीसारखी जाळी, म्हणजे हाडच. जड, म्हणजे त्यात खनिजे भरलेली. मोठ्या जनावराच्या पायाचा तुकडा, बहुधा गाईबैलाच्या जातकुळीतला. "याहून पुढे सांगवत नाही," त्या म्हणाल्या. "हाडाची ओळख सांध्यात असते आणि सांधेच झिजलेत. दात असता तर बरंच बोलला असता." मग त्यांनी विचारले, "नेमकं कुठे सापडलं? पृष्ठभागावर की थरात? आणि हे चकाकतंय कशानं?"

गुरुजींनी ते साबणाने घासून वर व्हार्निश दिले होते. जागा? "त्या बाभळीच्या अलीकडे." बाईंनी कपाळाला हात लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. वयाची चाचणी करायची तर ते व्हार्निश आडवे येणार, एवढेच त्या म्हणाल्या.

मला गुरुजींचा राग आला, हे कबूल करतो. तारीख आणि सही नसलेले व्हाउचर मी तीस वर्षे परत पाठवत आलो. पण हौशी माणसांनी हात लावूच नये, असे काही अभ्यासक म्हणतात ते मला पटत नाही. उन्हातान्हात नदीकाठी फिरतो कोण? गुराखी, वाळूवाले आणि असले गुरुजीच. 1828 साली जबलपूरला भारतातले पहिले डायनासोरचे हाड उचलले ते ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या कॅप्टन स्लीमनने. तोही हौशीच. त्याने ते जाणकारांच्या हाती दिले, जागा नोंदली गेली. लायडेकरने 1877 साली त्यावरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव ठेवले. पुढे ते हाड गहाळ झाले आणि 2012 मध्ये कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडले. मधल्या काळात 'टायटॅनोसॉरस' हे नाव टिकणारे नाही, असा अभ्यासकांचा निर्वाळाही आला होता. पण हाडाचा पत्ता पक्का होता, म्हणून त्यावर वाद तरी घालता आला.

आपल्याकडे गावोगावी असे काही मिळाले तर न्यायचे कुठे, हेच ठाऊक नसते. तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात एक टेबल, एक वही, एवढे तरी का नसावे? खर्च सत्यनारायणाच्या पूजेहून कमी येईल. आणि उचलणाऱ्याने उचलण्याआधी फोटो काढावा, जागेच्या खुणा लिहाव्यात, धुऊ नये, रंगवू नये. थरात रुतलेले असेल तर हात न लावता बोलावणे पाठवावे.

जूनमध्ये ती बाभूळ पाहायला आम्ही तिघे गेलो. बाभळी सात-आठ होत्या. गुरुजी एकीखाली उभे राहिले, मग दुसरीखाली, आणि रुमालाने चष्मा पुसू लागले.

परवा त्यांच्याकडे गेलो तर खोक्यांवर चिठ्ठ्या डकवणे चालू होते. निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या.