मीटर रूम ते पार्किंग

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य यांस,



दीड वर्षापूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. माझ्याच पार्किंगमध्ये, माझ्याच खर्चाने चार्जर बसवायला सोसायटीकडे ना हरकत पत्र मागितलं. अर्ज तीन मासिक सभांमधून फिरला आणि ‘वार्षिक सभेत विचार करू’ या शेऱ्यावर थांबला. तेव्हापासून दर तिसऱ्या रात्री जेवण उरकून चार किलोमीटरवरच्या फास्ट चार्जरच्या रांगेत उभा असतो.

या गाडीचा खरा फायदा घरच्या चार्जिंगमध्येच आहे. एका युनिटवर ती सहा-सात किलोमीटर धावते. युनिट दहा रुपयांना धरलं तरी किलोमीटरला दीड रुपया; पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला सात रुपये लागतात. बाहेरच्या फास्ट चार्जरवर तेच युनिट सहज दुपटीने पडतं.

‘सगळ्यांनी गाड्या घेतल्या तर लोड झेपेल का?’ हा सभेतला प्रश्न रास्त आहे. पण १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर गाडी सुमारे तीन किलोवॉट वीज घेते, म्हणजे गीझरहून थोडी जास्त. चाळीस युनिटांची बॅटरी शून्यापासून भरायची तर तेरा-चौदा तास लागतील, पण ती रोज कोण रिकामी करतं? दिवसाला चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला दोन-अडीच तास पुरे, तेही मध्यरात्रीनंतर, जेव्हा लिफ्ट आणि पाण्याचा पंप निवांत असतात.

आगीची भीती मी हलक्यात घेत नाही. म्हणूनच सांगतो, धोका आहे तो दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेल्या एक्स्टेंशन वायरीत, आणि परवानगी नाकारली की लोक नेमकं तेच करतात. स्वतंत्र केबल, एमसीबी, आरसीसीबी, चांगलं अर्थिंग आणि परवानाधारक ठेकेदाराचं काम, या अटी जरूर घाला. आम्ही त्या आनंदाने पाळू.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने घरच्या चार्जिंगला २०१८ मध्येच मुभा दिली. राज्याच्या २०२१च्या धोरणाने नव्या गृहप्रकल्पांत किमान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवायला सांगितलं. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर या गाड्यांना टोलही नाही. घोडं अडलंय ते मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतच्या वीस-पंचवीस मीटर केबलवर.

पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्या. इमारतीचा लोड तपासून घ्या आणि अर्ज करणाऱ्या सभासदाला महिन्याभरात लेखी परवानगी द्या. नाकारायची असेल तर कारणही लेखी द्या.

आपला,
एक सभासद